कड्या आतून आहेत

“उतर खाली. शेवटचं सांगतोय.”

“हे तिसरं शेवटचं.”

“लोक बघतायत.”

“बघू द्या. मी काय तिकीट लावलंय?”

तो खाली अंगणात उभा आहे, ती वर माझ्या आत बसलेली आहे, आणि हे सगळं चाललंय ते माझ्या अंगावर. मी खोली बोलतेय. पिकअपच्या हौद्यात बसवलेली खोली. छप्पर खाली घेतलं की मी पेटीएवढी होते, वर उचललं की आत उंच माणूसही ताठ उभा राहतो. छप्पर पत्र्याचं, भिंती कॅनव्हासच्या, तळ प्लायवूडचा, सांगाडा चौकोनी लोखंडी नळ्यांचा. शिकलेले लोक मला कॅम्पर म्हणतात. म्हणेनात का. मला घडवणारी मला ‘आपली खोली’ म्हणते, ते मला पुरतं.

वस्तूनं घरातल्या भांडणात तोंड घालू नये असं तुम्हाला वाटत असेल. मला नाही वाटत. भांडण माझ्या पोटात बसून चाललंय आणि माझ्यावरूनच चाललंय. शिवाय मी इतके दिवस गप्पच होते, आणि त्यानं काय झालं ते सांगतेच.

आजचं भांडण समजायला सोपं आहे. त्याला दोन मित्रांना घेऊन तळ्यावर मासे धरायला जायचंय. तिला न घेता. ती सकाळी नेहमीसारखी गादीवर चादरी घालायला आत आली, चादरी घातल्या आणि त्याच चादरीवर मांडी घालून बसली. ती आत बसलीय तोवर छप्पर खाली येत नाही. छप्पर वर असलं की गाडी फाटकाच्या लोखंडी कमानीखालून जात नाही. तिला धरून उतरवावं तर तेवढी छाती तिघांतल्या एकाचीही नाही. आणि समजा उतरवलीच, तरी छप्पर सोडायच्या कड्या आतून आहेत, आणि त्या फक्त तिच्याच हाताला नीट लागतात.

त्या तशा का आहेत? तिथूनच माझा जन्म सुरू होतो, तेव्हा ऐका.

तो जन्मभर हीच पिकअप चालवत आला. लोकांची घरं हलवायचं काम. कपाटं, पलंग, कुंड्या, माशांची काचेची पेटी, आजीची खुर्ची, सगळं हौद्यात घालायचं, दोरी आवळायची आणि गिऱ्हाईक सांगेल तिकडे न्यायचं. पुढच्या सीटवर शेजारी हमाल. हमाल नसेल तर गिऱ्हाईक. तिसऱ्याला जागा नाही. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्या गाडीत बसली ती दवाखान्यापुरती.

ती मोटारींची सीटकव्हरं आणि सामानावरच्या ताडपत्र्या शिवते. कुणी शिकवलं नाही. एक फाटकं कव्हर घेऊन ते टाक्याटाक्यानं उसवलं, कुठला तुकडा कुठे जातो ते बघितलं आणि दुसरं शिवलं. पहिलं वाकडं झालं. दुसऱ्याला गिऱ्हाईकानं नाक मुरडलं. तिसऱ्यापासून लोक रांग लावायला लागले. पुढच्या खोलीत तिचं जाड सुईचं मशीन आहे, त्याच्या धडधडीनं भिंतीवरचा आरसा हलतो. त्याच्या गाडीवरची प्रत्येक ताडपत्री तिनं शिवलेली. ती ताडपत्री गावोगाव हिंडली, शिवणारी आरशासमोर बसून राहिली.

मग त्याचे गुडघे गेले. जिने चढवेनात. गाडी अंगणात उभी राहिली आणि तो तिच्याभोवती घुटमळायला लागला. एक दिवस ती मशीनवरून उठली, बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, जन्मभर दुसऱ्यांची घरं या हौद्यात घालून नेलीत. आता आपलं एक घाला की.”

“म्हणजे?”

“म्हणजे खोली करायची. झोपता येईल अशी. आणि जायचं.”

“कुठे?” असं त्यानं विचारलं नाही. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. तो म्हणाला, “नळ्यांचं वजन पेलेल का बघायला पाहिजे.” आणि टेप आणायला गेला.

मला घडवलं ते दोघांनी. मी त्याचं देणं नाकारत नाही. वेल्डिंग त्याचं. तळाला रबराची पट्टी त्यानं लावली, म्हणून खड्ड्यात माझी हाडं वाजत नाहीत. छप्पर वर ढकलायला मोटारीच्या मागच्या दाराला असतात तसे हवेचे दांडे त्यानं भंगारातून शोधून आणले, आणि ते चार वेळा बदलले, कारण एकसारखे चार मिळेपर्यंत माझं छप्पर दारुड्याच्या टोपीसारखं तिरकं राहायचं. पण त्याचं काम बाहेरचं. तो खाली उभा राहायचा, पाना घेऊन, आणि हुकूम सोडायचा. आत मी आणि ती. बोल्ट आतून सरकवायची ती, प्लायवूडच्या कडा घासायची ती, कॅनव्हासला खिळेपट्टी मारायची ती. गुडघ्यावर, पाठीवर, कधी अर्धी बाहेर लोंबकळत.

भिंतींच्या कॅनव्हासवरून तर असं वाजलं की समोरच्या घरातली नर्स खिडकीत आली. झालं असं की तो माप नेहमी वाढवून सांगतो. सामान बांधणाऱ्याची सवय ती. तिला ते ठाऊक, म्हणून त्याच्या मापातून ती गुपचूप चार बोटं कमी करूनच कापते. वर्षानुवर्षं त्यांचं असंच जमत आलेलं. पण माझ्या वेळी त्यानं ठरवलं की हिच्या कामात आपण घोळ नको घालायला, एकदा तरी बरोबर माप सांगू. सांगितलं. तिनं सवयीनं चार बोटं कमी केली. छप्पर वर उचललं तर भिंती खाली पोचेनात, मी लहानपणीचा परकर घातलेल्या बाईसारखी उभी.

“माप चुकीचं दिलंत.”

“आयुष्यात पहिल्यांदा बरोबर दिलं!”

“मग सांगायचं ना, बरोबर देतोय म्हणून!”

दोघं संध्याकाळभर बोलली नाहीत. मग तिनं बंद पडलेल्या एका दुकानाच्या छपरीचं निळं कापड काढलं आणि माझ्या कमरेला सगळीकडून पट्टी जोडली. दुहेरी टाका, वर मेण. येणारे-जाणारे त्या पट्टीला डिझाइन समजतात.

आणि कड्या. छप्पर वर गेलं की ते चार टेकूंवर उभं राहतं, आणि टेकू खाली पडू नयेत म्हणून चार कड्या. त्यातल्या दोन कपाट आणि सांगाडा यांच्या मधल्या फटीत आल्या. ती आत वाकून बोल्ट धरून होती, तो बाहेरून पाना घालत होता.

“हात पोचतो का तिथे?”

“पोचतो.”

“मग झालं. आवळतो.”

झालं. कुणाचा हात, ते कुणी बोललं नाही. तिचा बारीक हात पोचला, त्यानं आवळलं. त्याचा स्वतःचा पंजा त्या फटीत शिरत नाही. छप्पर खाली घेताना एकानं आत राहून कड्या सोडायच्या, कॅनव्हास दोन्ही हातांनी आत ओढून घडी करत जायचं, आणि छप्पर कमरेपर्यंत आलं की मागच्या बुटक्या दारातून वाकून बाहेर पडायचं. ते दारही तिच्याच बेतानं झालं, कारण मला बांधताना त्यातून जा-ये करत होती तीच. दोघांना वाटलं खोली दोघांची केली. माप एकीचंच बसलं.

मला तर वाटलं होतं की आता आम्ही निघणार. गादीला फोम तिनं कापला, रेक्झिन तिनं चढवलं. उशाशी तिनं एक खिडकी केली, मुद्दाम खाली, पडल्यापडल्या बाहेरचं दिसेल अशी. आडवी होऊन बघितलीसुद्धा, चपला हातात धरून, गादी मळू नये म्हणून. समोर फक्त फाटक आणि शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसत होती. ती बराच वेळ तेच बघत राहिली.

मग तो म्हणाला, “पहिल्यांदा मी मित्रांबरोबर नेऊन बघतो. ब्रेक बघायला पाहिजेत, छप्पर वाऱ्यात कसं राहतं ते बघायला पाहिजे. मधेच काही बिघडलं तर तू उगाच रस्त्यात अडकशील. एकदा तपासून झालं की आपण जाऊ.”

ती म्हणाली, “बरं.”

त्या ‘बरं’चा मला अजून राग येतो. तपासणी! कसली तपासणी सांगू? एक मित्र टायरवाला. टायरच्याच आकाराचा, आणि आवाज असा की मासे त्याच्या बोलण्यानंच पळत असावेत. दुसरा हडकुळा, त्याला सगळे काडी म्हणतात. हे दोघं आणि आमचा ड्रायव्हर तळ्यावर गेले आणि मला कळलं की तपासणी म्हणजे चिखलाच्या बुटांनी गादीवर चढायचं. तपासणी म्हणजे ताज्या कॅनव्हासला आगपेटीची पेटती काडी लावून भोक पाडायचं आणि त्यावर बोट फिरवून म्हणायचं, “अरेरे, पडलं वाटतं.” उशाशी असलेली ती खिडकी, तिच्या कडीला टायरवाल्यानं ओले मोजे वाळत घातले. दोन दिवस माझ्या डोळ्यांवर मोजे.

आणि घडी? घडी कुणाला येत होती! टायरवाला दारातून आत यायचा तोच मुळी श्वास रोखून. शेवटी काडी आत शिरायचा, फटीत कसाबसा दोन बोटं घालून कड्या उचकटायचा आणि छप्पर सोडून बाहेर उडी मारायचा. कॅनव्हास आत ओढायचा असतो हे त्याला सांगून उपयोग नव्हता. माझ्या भिंती छपराच्या कडेत चिमटायच्या. टरकन आवाज यायचा. वरून दोरी बांधायचे आणि मला जखमी जनावरासारखी घरी आणायचे.

घरी ती उभीच असायची. आधी चादरी. मग माशांचा वास जाईपर्यंत तळाला साबण. मग सुई.

“मजा आली का?” विचारायची.

“मस्त. छप्पर जरा घट्ट आहे. अजून एकदा बघायला पाहिजे.”

अशा तपासण्या चालूच राहिल्या. एकदा लेक आणि जावई मुलांना घेऊन गेले. “आई, मुलांची सुट्टी आहे गं, पुढच्या वेळी नक्की तू.” मुलांनी माझ्या प्लायवूडवर खिळ्यानं घोडा कोरला. त्यांचं मी माफ केलं, घोडा चांगला होता. बाकी कुणाचं नाही. गादीवर झोपून गेलेल्यांची यादी वाढत गेली. त्यात ती नव्हती. जिनं मला टाका न् टाका घातला, ती माझ्यात एक रात्रही झोपली नाही. बायकांना घरात कामं असतात, असं ड्रायव्हर एकदा टायरवाल्याला सांगत होता. माझ्यामुळे त्या कामात एक काम वाढलं होतं, एवढं खरं.

तरीही मी गिळून होते. मग तो फोनवाला आला.

तळ्याच्या काठावर एक तरुण जोडपं हिंडत होतं. मला बघून त्यांचे डोळे चमकले. त्यातला मुलगा म्हणाला, “काका, हे कुठे मिळालं?”

“मिळालं नाही. मीच बनवलं. घरच्या घरी.”

फोन समोर धरला गेला, आणि आमच्या ड्रायव्हरनं पोट आत घेतलं. मग एकेक भाग दाखवत फिरला. हा सांगाडा, मी केला. हे दांडे, मी शोधले. ही आतून कडी, चोर आला तरी बाहेरून छप्पर पाडू शकत नाही, ही माझी कल्पना. कल्पना! फटीत पाना गेला म्हणून तिथे बसलेली कडी! मी चारही टेकूंवर थरथरले, पण त्याला वारा वाटला.

मग त्या मुलीनं निळ्या पट्टीवरून हात फिरवला. म्हणाली, “काका, हे शिवणकाम काय सुंदर आहे. हे कुणी केलं?”

आणि तो म्हणाला, “ते होय? ते शिवून घेतलं.”

शिवून घेतलं.

कुणाकडून, ते नाही. जसं काही बाजारात गेला, माप टाकलं आणि संध्याकाळी पिशवी घेऊन आला. अहो, बोट शिवलं गेलं होतं तिचं त्या पट्टीत. सुई नखातून आरपार. तिनं मशीनचं चाक उलटं फिरवून सुई वर काढली, चिंधी बांधली आणि उरलेली कड पुरी केली, कारण याला त्याच दिवशी छप्पर उचलून बघायचं होतं. तो तेव्हा शेजारीच होता. फुंकर घालत होता. त्या माणसाला ‘बायकोनं केलं’ हे दोन शब्द तळ्याकाठी सापडले नाहीत. लाजला म्हणाल तर लाजणारा माणूस नव्हे. विसरला म्हणाल तर त्याहून वाईट.

काल समोरची नर्स कामावरून येताना फाटकाशी थांबली. “काकू, तुमच्या गाडीचा व्हिडिओ आलाय बघा. किती लोकांनी बघितलाय!”

तिनं हात पुसले. चष्मा आणायला ती आत गेली नाही, तशीच डोळे बारीक करून बघायला लागली. मी मागेच उभी होते, सगळं ऐकू येत होतं. सांगाडा झाला, दांडे झाले, कडी झाली. मग ते वाक्य आलं. नर्सचा चेहरा पडला. तिला बिचारीला माहीत होतं, तिच्याच खिडकीखाली मी शिवली गेले होते.

मला घडवणारी म्हणाली, “परत लाव. आवाज मोठा कर.”

परत लावलं. दुसऱ्यांदा ऐकून तिनं मान हलवली, जणू मशीनमधला बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं. “छान आलाय,” म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळभर मशीनचा आवाज आला नाही. आरसा स्थिर होता.

आणि आज सकाळी ती चादरी घेऊन वर आली.

“अगं पण झालं काय?” खालून तो विचारतोय. खरंच विचारतोय. हीच तर कमाल आहे, की त्याला खरंच माहीत नाही.

“मला बसायचंय.”

“घरात बस ना!”

“घरात बसूनच आलेय.”

टायरवाला पुढे आला. हातात मासे धरायची काठी, गळ्यात रुमाल. “वहिनी, ऊन चढलं की मासे खाली जातात. आपण परके आहोत का? संध्याकाळी येऊन बसा हवं तेवढं.”

“परके नाही म्हणूनच आजवर तुमचे मोजे धुतले, भाऊजी.”

टायरवाल्यानं मोजे घातलेल्या पायांकडे बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

“छप्पर तसंच ठेवून नेऊ,” काडी म्हणाला. तिघांनी फाटकाच्या कमानीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत कमानीकडे. बघून कमान उंच होत नाही. काडीला मग हुशारी सुचली. तो हळूच मागून आला आणि खिडकीच्या जाळीची चेन उघडून कडीपर्यंत हात घालायला लागला. तिच्या मांडीवर कात्री होती, सुटे धागे कापायची.

“हात काढा. नाहीतर जाळीबरोबर शिवून टाकीन. माझं शिवण पक्कं असतं, विचारा तळ्यावरच्या लोकांना.”

हात निघाला. पण आता त्याच्या डोक्यात, म्हणजे ड्रायव्हरच्या, काहीतरी हललं. “तळ्यावरच्या लोकांना म्हणजे?”

तिनं कात्रीनं एक सुटा धागा कापला. त्यानं फोन काढला आणि लेकीला लावला, आवाज मोठा करून. असल्या वेळी पुरुषांना लेक आठवते.

“आई, काय करतेयस तू आत?”

“बसलेय.”

“नुसती?”

“नुसती. कधी बघितलीयस मला नुसती बसलेली? ये, बघून जा.”

लेक हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा, ते व्हिडिओत तुम्ही शिवून घेतलं का म्हणालात?” आणि फोन ठेवला.

तो माझ्या निळ्या पट्टीकडे बघत होता. मला वाटलं, माफी मागेल. छे! माणूस चुकला की आधी चिडतो, माफी रांगेत फार मागे उभी असते.

“एक शब्द गेला तोंडातून! एका शब्दासाठी एवढा तमाशा? मला काय ठाऊक ते जगभर दाखवणार!”

“म्हणजे जगानं बघितलं नसतं तर चाललं असतं?”

“तसं नाही म्हणालो.”

“तुम्ही काय नाही म्हणालात तेच तर ऐकलं मी. दोनदा.”

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. पुढून गेला तो मागून आला, तेवढ्यात त्यानं नवा बेत जमवला होता. “बरं. चूक झाली. चल तू पण. ऊठ, साडी बदल. आम्ही तिघं बाहेर चटईवर झोपू, तू आत झोप. झालं समाधान?”

मला क्षणभर बरं वाटलं, कबूल करते. मी साधी वस्तू. मला एवढ्यानं बरं वाटतं.

“आणि जेवण?” तिनं विचारलं.

तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

“म्हणजे,” टायरवाला म्हणाला, “आता वहिनी आहेतच म्हटल्यावर...”

माझ्या पत्र्याचा तिळपापड झाला. त्या माणसाला वाक्य पुरं करायचं धाडस झालं नाही हे त्याचं नशीब. ती हसली. हसली म्हणून मी जास्त घाबरले. चादरीची सुरकुती तिनं तळहातानं सरळ केली आणि पुन्हा मांडी घातली. ऊन आता माझ्या छपरावर आलं होतं. आत तापायला लागलं होतं. तिच्या कपाळावर घाम आला, तिनं पदरानं टिपला, जागची हलली नाही.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. कुणीतरी पाठ मोडून केलेलं कपाट, विणलेली गोधडी, ओटा, झोपाळा. पाहुणे येतात, वाहवा करतात, आणि तुम्ही पटकन पुढे होऊन ती झेलता. ज्याच्या हातचं आहे ते आत चहा गाळत असतं. मी हात जोडू शकत नाही, मला हात नाहीत, आणि असते तरी मी ते जोडले नसते. सांगतेय एवढंच की आम्हाला कळतं. कुणाचं बोट कुठल्या टाक्यात शिवलं गेलं होतं ते आमच्या अंगावर आहे. तुम्ही खोटं बोलता तेव्हा आम्ही ऐकत असतो. आणि त्या माणसाला एकदा तरी आमच्यावर टेकू द्या, पाठ टेकवून, निवांत. नाहीतर आम्हाला मोडून चुलीत घाला, पण वापरून आम्हाला असं लाजवू नका. माझं काय व्हायचं ते होवो. आज तिनं मला मधोमध कापून सीटकव्हरं केली असती तरी मी चूं केलं नसतं.

काडीनं आधी काठी भिंतीला टेकवली आणि तो तिथेच सावलीत बसला. टायरवाला “मी जरा चहा बघतो” म्हणाला आणि फाटकापाशी गेला, पण बाहेर गेला नाही, कारण पुढे काय होतं ते त्यालाही बघायचं होतं. समोर नर्स खिडकीत होती, उघडपणे, पडदा सारून.

ड्रायव्हर माझ्या मागच्या फळीवर बसला. गुडघे दुखत असावेत, बसताना त्यानं दोन्ही हातांनी माझी कड धरली. पाठ तिच्याकडे. मग निळ्या पट्टीवरून त्यानं अंगठा फिरवला, टाक्यावरून टाक्यावर, जसा सामान बांधून झाल्यावर दोरी तपासायला फिरवतो तसा.

“नख परत नीट आलं का?” त्यानं विचारलं.

“वाकडं आलं.”

“दाखवलं नाहीस.”

“बघितलं नाहीत.”

तो वळला. बुटक्या दारातून त्यानं आत डोकं घातलं, खांदे बाहेरच अडकले. असा अर्धा आत, अर्धा बाहेर, तो तिच्याकडे बघत राहिला. आवाजातला सगळा ताठा गेला होता. राग होता अजून, पण तो कुणावर आहे ते त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुला जायचंय तरी कुठे?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या भिंतींच्या आत आला. मी छप्पर धरून उभी राहिले. ती उठली. वाकून फटीत हात घातला, पण कडी ओढली नाही, नुसतं बोट तिच्यावर ठेवलं, आणि फाटकाशी उभ्या टायरवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“यांचं सामान उतरवा, गाडी चालू करा, आणि पहिलं वळण आलं की मला विचारा.”